धाकट्याच्या गोष्टीची दुसरी बाजू

२ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी देवासमोर बसून मी धाकट्याला क्षमा केली. मन हलकं झालं. मग त्याला काय शिक्षा करावी ह्याचा शांतपणे विचार करत बसलो, तेवढ्यात चहा गार झाला.

काल काय घडलं ते लिहून ठेवतो, कारण मागाहून लोक तिखटमीठ लावतात. वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी खऱ्या गोष्टींची संध्याकाळ असते. कुणीही उठून आपल्या आयुष्यात घडलेली गोष्ट सांगायची. हातात कागद नको, सात मिनिटं, मग घंटा. घंटा वाजवते ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि संध्याकाळी बंद करायला. तिला सगळे घंटाबाई म्हणतात. एकदोन नामवंत पाहुणे असतात, बाकीच्यांची नावं बरणीतून चिठ्ठी काढून ठरतात. काल रेडिओवर बातम्या वाचणारे एक गृहस्थ आले होते. भर बातम्यांत त्यांना उचकी लागली होती, ती गोष्ट. बरी होती. मग एक बस ड्रायव्हर. मग आमचा धाकटा.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. शाळेत चित्रकला शिकवतो. त्याने गोष्ट कुठली सांगावी, तर लहानपणी मी त्याला सायकलवरून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला नेलं आणि रस्ता चुकलो, ही. माइकवर म्हणाला, "आमचा दादा कुणाला रस्ता विचारत नाही. तिठ्यावर सायकल थांबवायची, डोळे मिटायचे, देवाचं नाव घ्यायचं, आणि मान ज्या बाजूला वळेल तो रस्ता." सगळा हॉल हसला. त्यात माझी बायको होती. मी शांतपणे उठून बाहेर पडलो. जाताना एक खुर्ची पडली. ती कुणीतरी मध्येच ठेवली होती.

महिनाभरात धाकटा बायकोमुलांसकट लांबच्या शहरात नव्या नोकरीवर चालला आहे. आईवडील गेल्यापासून मी नेहमी म्हणत आलो की आम्हा दोघा भावांना आता एकमेकांशिवाय माहेर नाही. ह्यापुढे म्हणणार नाही. तो माफी मागत नाही तोवर त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. मनात राग अजिबात नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटा आलाच नाही. मौन वाया चाललं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज दुकानात आला. मी फोटोफ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे जुळवत होतो, मान वर केली नाही. तो म्हणाला, "दादा, रागावलास?" मी गप्प. तो म्हणाला, "अरे, शेवटपर्यंत थांबला असतास तर." मी करवत चालवली. करवतीच्या आवाजात त्याला जे काय म्हणायचं ते म्हणून घेऊ दिलं.

करवत थांबल्यावर तो म्हणाला, "आणि मी तुला आधी विचारलं होतं. तिथला नियमच आहे. ज्याची गोष्ट सांगायची त्याला ती आधी ऐकवायची आणि त्याचा होकार घ्यायचा. जानेवारीत ह्याच टेबलापाशी उभं राहून सगळी ऐकवली. तू 'हं' म्हणालास. चारदा."

ह्यावर मला बोलावंच लागलं. जानेवारीत मी काच कापत होतो. काच कापताना श्वास रोखून कापणीचा हिरा काचेवरून एका ओढीत न्यावा लागतो, आणि ओढ संपली की श्वास सुटतो. तो 'हं' असा सुटतो. फ्रेमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारावं. काच कापणाऱ्याचा होकार धरत नसतात.

तो हसला. म्हणाला, "बरं, मौन सुटलं की नाही तुझं?" हा त्याचा स्वभाव. फसवून बोलायला लावलं. मौन उद्यापासून पुन्हा.

८ फेब्रुवारी, शनिवार

बायकोला म्हणालो की तुझं हसणं मला सगळ्यात लागलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. जे होतं ते तुम्ही निघून गेल्यावर होतं." म्हणजे मी गेल्यावर माझ्याबद्दल आणखी बोलला. ती सांगायला लागली, मी कानावर हात ठेवले. निंदा ऐकणाऱ्यालाही पाप लागतं, असं गावच्या शाळेत गुरुजी सांगत.

दारात पोस्टमन आला. म्हणाला, "तुमच्या भावाने काय सांगितली हो, शेवटाला तर पाणी आलं डोळ्यांत." इतका हसला असेल. मी पत्र घेतलं आणि दार लावलं.

९ फेब्रुवारी, रविवार

निर्णय झाला. पुढच्या महिन्याच्या संध्याकाळी मी स्वतः उभा राहणार. एक मार्चला. धाकटा दोन तारखेला जाणार, म्हणजे त्याला पहिल्या रांगेत बसून ऐकावं लागेल. त्याची एखादी अशी गोष्ट सांगायची की नव्या गावी जाईपर्यंत कान लाल राहिले पाहिजेत. सूड म्हणून नव्हे. समतोल म्हणून.

गोष्टी आठवत बसलो.

एक: सहावीत तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या हौदात पडला आणि भर चौकातून चड्डीशिवाय घरी आला. उत्तम गोष्ट. अडचण एवढीच की हौदावरून चालून दाखव अशी पैज मी लावली होती, आणि चड्डी माझ्याकडे होती.

दोन: पहिल्या मुलाखतीला तो आखूड बाह्यांचा कोट घालून गेला आणि लोक हसले. कोट माझा होता. मी आग्रह केला होता.

तीन: त्याचं लग्न ठरण्याच्या वेळी तो पाहुण्यांसमोर तोतरं बोलला. पण ते मी त्याला आदल्या दिवशी बोलण्याची तयारी करून दिली होती म्हणून, असं त्याचं म्हणणं पडेल.

माणसाच्या आयुष्यात एकही स्वच्छ गोष्ट नसावी ह्याचं आश्चर्य वाटतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रार्थनेच्या वेळी उत्तर मिळालं. नवी गोष्ट कशाला? तीच सांगायची. परीक्षेची. तिची दुसरी बाजू. मी रस्ता चुकलो नव्हतो. रस्त्यावरची पाटी कुणीतरी फिरवून ठेवली होती, सायकलची चेन दोनदा पडली, आणि मागे बसून हा सारखा गाणी म्हणत होता. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा दहा वर्षांच्या भावाला डबलसीट घेऊन निघतो, ही खरं म्हणजे शौर्याची गोष्ट आहे. ती हसण्यावारी नेली.

घंटाबाईला फोन करून नाव नोंदवायचं म्हणालो. ती म्हणाली, नाव चिठ्ठीवर लिहून त्या दिवशी बरणीत टाका. आणि गोष्टीत भाऊ आहे, तर त्याला आधी ऐकवून होकार घ्या. मी म्हणालो, आम्ही बोलत नाही. ती म्हणाली, "मग ऐकवून या आणि नंतर बोलू नका."

दातांच्या डॉक्टरांना भावना नसतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रॅक्टिस सुरू. बायकोला समोर बसवलं. थेट गोष्टीला हात घालणं उथळपणाचं वाटतं, म्हणून आधी सत्य म्हणजे काय ह्यावर थोडी प्रस्तावना ठेवली आहे. सत्याला दोन बाजू असतात, जशा काचेला असतात, पण काच स्वच्छ असेल तर बाजू कळत नाहीत, वगैरे. चांगली जमली. इथपर्यंत येतो तो बायको म्हणाली, "सायकल कधी येणार?" मी म्हणालो, धीर धर. ती म्हणाली, "तुम्ही सायकलवर बसा तोवर मी कपडे वाळत घालून येते."

ती आलीच नाही. कपडे थोडेच होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धंद्यात एक छोटीशी गोष्ट घडली. एका सरकारी कारकुनाच्या घरचा ग्रुप फोटो होता. फ्रेममध्ये आत जाड कागदाची चौकट घालतात, तिची खिडकी कापताना मी प्रस्तावना म्हणत होतो. खिडकी अंगुळभर लहान झाली आणि डाव्या कडेचा माणूस कागदाखाली गेला. कारकून घ्यायला आला. मी काही बोलण्याआधीच त्याने फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाला, "राहू द्या. मेहुणा आहे."

ईश्वर सांभाळून घेतो. प्रस्तावनेला त्याचा आशीर्वाद आहे असं मी समजतो.

त्यालाही थोडी गोष्ट ऐकवली. त्याला अचानक काम आठवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नियम तो नियम. धाकट्याला गोष्ट ऐकवली, पण मौन न मोडता. म्हणजे फोनवर रेकॉर्ड करून मेसेज पाठवला. मेसेज म्हणजे बोलणं नव्हे. लांबी थोडी वाढली, फोनने मध्येच तोडला म्हणून तीन तुकड्यांत पाठवावा लागला. शेवटी म्हणालो की होकार कळवावा, आणि नकार असेल तर तो कशाच्या आधारावर, तेही कळवावं.

आता तो चिडणार. चिडला की सिद्ध झालं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उत्तर आलं. त्याचाही आवाजी मेसेज. सुरुवात अशी: "दादा, ऐकलं सगळं. सांग तू, बिनधास्त सांग. फक्त सायकल निळी होती, काळी नाही. आणि दादा, एक सांगायचं होतं..."

इथे मी बंद केला. 'एक सांगायचं होतं' म्हणजे आता माफी मागणार. इतक्या वर्षांचं नातं आणि माफी फोनच्या डबीत घालून पाठवतो. मला समोरासमोर पाहिजे. पुढचं ऐकलं नाही आणि ऐकणार नाही.

होकार मात्र मिळाला. तो चिडला नाही हे मला आवडलेलं नाही. ह्यात काहीतरी डाव असणार.

सायकल काळीच होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना बायको धाकट्याच्या सामानाबद्दल काहीतरी सांगत होती. टेम्पो, खोकी, गाडी, शनिवार. मी मनात प्रस्तावनेचा दुसरा भाग घोळवत होतो. तिने विचारलं, "मग येताय ना?" मी "हं" म्हणालो. तिला बरं वाटलेलं दिसलं. मी घरात किती जुळवून घेतो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात गिऱ्हाइकाचा मोठा आरसा फ्रेमला आला आहे. त्याच्यासमोर उभं राहून म्हणून बघितलं. प्रस्तावना संपताना चेहरा चांगला दिसतो. करुणा आणि निश्चय दोन्ही येतात. गोष्टीचा भाग अजून बसवायचा आहे, पण ती काय, घडलेलीच आहे. तोंडावर येईल.

धाकट्याची नजर खाली जाईल ती जागा ठरवून ठेवली आहे. तिथे मी थांबणार, पाणी पिणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटची प्रॅक्टिस. दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं. ऐन रंगात असताना कुणीतरी शटर वाजवायला लागलं. वाजवतंय आपलं. लहान मुलांचेही आवाज. मी आतून ओरडलो, "दुकान बंद आहे." पुन्हा वाजवलं. मी म्हणालो, "सोमवारी या." मग गेले.

गिऱ्हाइकांना माणसाच्या आतल्या जीवनाची काही कल्पना नसते.

१ मार्च, शनिवार, दुपार

आज. मन स्थिर. सकाळी देवाजवळ एवढंच मागितलं की माझी चिठ्ठी निघू दे. पण ईश्वरावर सगळा भार टाकणं बरं नव्हे. म्हणून नाव एकाऐवजी सहा चिठ्ठ्यांवर लिहिलं. देवाला सोपं जावं एवढाच हेतू.

बायको जेवणाचा डबा भरून घाईने कुठेतरी गेली. निघताना दारात उभी राहून म्हणाली, "चला की." मी हाताने थांब म्हणालो, मी प्रस्तावनेच्या मध्यावर होतो. थोडा वेळ थांबली, मग गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. रस्त्यावर धूळ फार वाढली आहे.

२ मार्च, रविवार

कालचं लिहितो.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत दोन खुर्च्यांवर रुमाल टाकून त्या धाकट्यासाठी आणि त्याच्या बायकोसाठी धरल्या. पाहुणे म्हणून एक माजी आमदार होते. त्यांनी सभेत चपला चोरीला गेल्याची गोष्ट सांगितली, आणि अनवाणी माणसाला लोक किती प्रेमाने मत देतात ते सांगितलं. लोकांना आवडली. खुर्च्या रिकाम्याच. वाटलं, तोंड चुकवतोय, पण येईल.

मग घंटाबाईने बरणीत हात घातला आणि पहिलीच चिठ्ठी माझी निघाली. श्रद्धेचं फळ.

स्टेजवर उभा राहिलो. आरशात व्हायचा तसा चेहरा झाला असावा. प्रस्तावना एकही शब्द न अडखळता म्हणालो. काचेचा दाखला दिला. नात्यांतल्या सत्याबद्दल बोललो. गावच्या शाळेतल्या गुरुजींचं एक वाक्य सांगितलं. मग म्हणालो, "तर त्या सकाळी मी काळी सायकल बाहेर काढली," आणि घंटा वाजली.

घड्याळात काहीतरी गडबड असणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली येऊन बसतो न बसतो तोच घंटाबाईने पुढची चिठ्ठी काढली, वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली, आणि माझं नाव घेतलं.

हॉलमध्ये खसखस पिकली. मला वाटलं, लोकांना पुढचं ऐकायचं आहे, लोकाग्रहास्तव बोलावलं आहे. पुन्हा वर गेलो. आधीचा धागा पकडायला म्हणून प्रस्तावनेचा सारांश सांगितला. सारांशात काही नवे मुद्दे सुचले. धाकट्याची नजर खाली जाणार होती त्या जागी थांबून पाणी प्यायलो. समोर दोन रुमाल होते. मी त्या रुमालांकडे बघून बोलत राहिलो. सायकल तिठ्यापर्यंत आली आणि घंटा.

तिसरी चिठ्ठीही माझीच. आता लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ना बाई, परीक्षेला पोचू तरी द्या त्याला." घंटाबाईने बरणी टेबलावर उपडी केली आणि तांदळातले खडे निवडावेत तशा माझ्या चिठ्ठ्या निवडून बाजूला ठेवल्या. सगळ्यांदेखत. म्हणाली, "ह्यांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे असं दिसतं."

मी बाहेर पडलो. ह्या वेळी खुर्च्या आपणहून बाजूला झाल्या.

घरी येऊन बायकोला म्हणालो, बघितलंस तुझ्या दिराला, ऐकायला आला नाही, पळपुटा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली. म्हणाली, "अहो, ते दुपारच्या गाडीने गेले. रविवारची तिकिटं मिळाली नाहीत. मंगळवारी जेवताना सांगितलं, तुम्ही 'हं' म्हणालात. दारात उभी राहून बोलावलं, तुम्ही हात दाखवलात. शुक्रवारी ते सगळे निरोप घ्यायला दुकानात आले होते, पोरांना घेऊन. तुम्ही आतून सांगितलंत, सोमवारी या."

मी म्हणालो, मला कुणी नीट सांगत नाही.

ती म्हणाली, "गाडी हलेपर्यंत भाऊजी स्टेशनच्या जिन्याकडे बघत होते." आणि दिवा घालवला. माझं लिहायचं राहिलं होतं, ते आत्ता सकाळी लिहितोय.

३ मार्च, सोमवार

मेसेजचा राहिलेला भाग ऐकला. "एक सांगायचं होतं, गाडी शनिवारचीच मिळाली, दुपारची. तुझा कार्यक्रम चुकणार. तू स्टेशनवर आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी चालेल. पण आलास तर बरं वाटेल."

महत्त्वाची गोष्ट शेवटाला टाकायची ही त्याची लहानपणापासूनची खोड. पत्राच्या सुरुवातीला मजकूर आणि मग हवापाणी, असं शाळेत शिकवलं होतं. तेव्हा हा खिडकीबाहेर बघत असायचा.

५ मार्च, बुधवार

बायकोच्या फोनवर धाकट्याचा रोज फोन येतो. मला येत नाही. मी शेजारच्या खोलीत मोठ्याने खोकतो, म्हणजे मी घरात आहे हे त्याला कळावं. आज त्याने विचारलंही म्हणे, "दादाला खोकला झालाय का?" बायको म्हणाली, "नाही, राग झालाय."

मी फोन करणार नाही. मोठ्या भावाने पहिला फोन करणं शोभत नाही. शिवाय अजून माफी आलेली नाही. शिवाय काय बोलायचं.

६ मार्च, गुरुवार

घंटाबाई दुकानात आली. दवाखान्यासाठी दाताचं चित्र फ्रेम करायचं आहे. मला वाटलं, चिठ्ठ्यांबद्दल बोलेल. ती म्हणाली, "तुमची गोष्ट सुरू व्हायचीच राहिली." मी म्हणालो, घड्याळ तपासून घ्या. ती म्हणाली, "घड्याळ ठीक आहे. एकदाच गडबड झाली, तुमच्या भावाच्या वेळी. मी घंटा वाजवायचीच विसरले."

म्हणजे त्याला वेळ जास्त दिला. पक्षपात. मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ऐका आणि मग तक्रार करा." आणि फोनवर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवून गेली.

तक्रारीसाठी पुरावा म्हणून ठेवून घेतलं आहे. ऐकायची घाई नाही.

७ मार्च, शुक्रवार

दाताच्या चित्राची काच तीनदा फुटली. हल्ली काच चांगली येत नाही.

८ मार्च, शनिवार

ऐकलं. दुकानात कुणी नसताना.

आधी ती तिठ्याची गोष्ट, हसणं, आणि मग खुर्ची पडल्याचा आवाज. रेकॉर्डिंगमध्ये फारच मोठा येतो. माझ्या चुकीचा भाग तिथेच संपतो. महिनाभर मी ज्याच्याशी भांडलो ती त्याची प्रस्तावना होती.

पुढे तो सांगतो की आम्ही भलत्याच गावी, भलत्याच शाळेत पोचलो. तिथे चित्रकलेची परीक्षा चालू होती. एक मुलगा आला नव्हता, त्याची जागा रिकामी होती. तिथल्या मास्तरांनी ह्याला विचारलं, "चित्र काढता येतं?" हा म्हणाला, "माहीत नाही." मास्तरांनी त्याला बसवलं, आपले रंग दिले. विषय होता सकाळचं दृश्य. खिडकीतून एक झाड दिसत होतं. झाडाखाली सायकल, आणि सायकलजवळ डोळे मिटून बसलेला दादा. त्याने तेच काढलं.

मास्तर फिरत आले, चित्र बघून म्हणाले, "झाड एवढंसं आणि माणूस एवढा मोठा?" हा म्हणाला, "तो तेवढाच आहे."

हॉलमध्ये कुणी हसलेलं ऐकू येत नाही.

मार्क कापले, पण पास केलं. हा म्हणतो, त्या दिवशी रस्ता चुकला नसता तर मी आज कुठल्या तरी कचेरीत आकडे लिहीत असतो. म्हणतो, "त्यानंतर मी हजारो माणसं काढली, सगळी प्रमाणात. मुलांना रोज शिकवतो की लांब गेलं की माणूस लहान दिसतो. आता मी लांब चाललोय. ह्या एका माणसाच्या बाबतीत तो नियम खोटा ठरावा, एवढीच इच्छा आहे." मग टाळ्या. घंटा नाहीच.

पुन्हा एकदा ऐकलं. मग एक गिऱ्हाईक आलं. म्हणालं, "डोळ्यांत काय गेलं?" मी म्हणालो, काचेचा धंदा आहे.

गोष्टीत चुका आहेत. सायकल काळी होती. त्या दिवसाबद्दल त्याला सगळं माहीत नाही. उद्या फोन करून सांगायचं, आणि त्याचं म्हणणं काय ते पूर्ण ऐकायचं, असं ठरवलं आहे. बायकोला सांगितलं नाही. माझे ठराव ऐकले की ती भांडी घासायला जाते.

९ मार्च, रविवार

धाकट्याला फोन केला.

कडक बोलायचं ठरवलं होतं. तो "दादा" म्हणाला. मी म्हणालो, झाड चिंचेचं होतं, शाळेच्या कौलांच्याही वर गेलेलं. प्रमाण चुकलं होतं, मार्क कापले ते बरोबर कापले. तो म्हणाला, "हो दादा."

मी म्हणालो, दुसरं म्हणजे, मी झाडाखाली बसून देवाला रस्ता विचारत नव्हतो. तू आत होतास. तू पास व्हावास म्हणून मागत होतो. परीक्षा दुसरीच आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरी बाजू एवढीच होती. दोन वाक्यांत संपली.

तो म्हणाला, "हे कधी बोलला नाहीस." मी म्हणालो, तू विचारलं नाहीस. मग तो नव्या घराबद्दल सांगायला लागला. वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून गाड्यांची शेड दिसते, धाकट्या लेकीला अजून झोप लागत नाही, शाळेत रंगांचं कपाट बंद आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही. भिंतीला खिळा कसा ठोकायचा तेही सांगत होता, तिरका. पुष्कळ ठिकाणी त्याचं चुकत होतं. मी मध्ये बोललो नाही.